जुनी फियाट घेताय? आधी आरसीवरचे नाव पाहा

अलिबाग-मुरूडकडच्या एखाद्या वाडीत वर्षानुवर्षे झाकलेली फियाट विकायला निघते. सौदा ठरतो, चावी मिळते. पण मालकी मिळतेच असे नाही.

आरसीवर दिवंगत आजोबांचे नाव असेल, तर आधी वारसाने फॉर्म 31 भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची. मग फॉर्म 29 आणि 30 वर विक्री. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन देणारा दलाल टाळलेलाच बरा. नाव बदलले नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवरील मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे.

चासी क्रमांक स्वतः तपासा. खाऱ्या हवेने तो गंजलेला असेल किंवा इंजिन बदलल्याची नोंद नसेल, तर पेणच्या आरटीओत काम अडू शकते.

50 वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला 2021च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षे. ती विकल्यास दोघांनीही 90 दिवसांत परिवहन विभागाला कळवायचे. मात्र अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. होमस्टेच्या पाहुण्यांची भाड्याने ने-आण करता येणार नाही.