ट्रेलरचा टायर: आधी वजन, मग ब्रँड

पिकअपच्या मागे जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, ही खास अमेरिकी हौस. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात यांचे मोठमोठे कारखाने आहेत. मोठ्या ट्रेलरमध्ये पलंग, फ्रीज, न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या असा सगळा संसार असतो आणि भरल्यावर त्याचे वजन सहज चार टनांच्या वर जाते. हा डोलारा बहुतेक वेळा चारच टायरांवर उभा असतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी असा ट्रेलर घेतला असेल, त्यांच्यापुढे दर चार-पाच वर्षांनी एक प्रश्न येतोच: नवे टायर कोणते घालायचे?

या प्रश्नावर तिथे ठरलेले उत्तर मिळते. कारखान्यातून आलेले स्वस्त चिनी टायर फेकून द्या आणि नामवंत कंपनीचे घ्या. त्या टायरांना गमतीने ‘चायना बॉम्ब’ म्हणतात. या सल्ल्यात तथ्य नाही असे नाही. टायरांच्या दर्जात फरक असतो आणि स्वस्त मालात तो जास्त दिसतो. पण आमच्या मते रोग दुसराच आहे आणि तो वजनाच्या हिशेबात सापडतो.

एक उदाहरण घेऊ. ट्रेलरचे भरलेले वजन 4,300 किलो आहे. त्यातले सुमारे 500 किलो जोडणीतून पिकअपवर जाते, उरलेले 3,800 किलो चार टायरांवर, म्हणजे सरासरी 950 किलो. एसटी, म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेल्या, टायरांच्या 225/75 आर 15 या सर्रास वापरल्या जाणाऱ्या मापात ‘सी’ भारश्रेणीचा टायर 50 पीएसआय हवेवर सुमारे 975 किलो पेलतो. कागदावर गणित जुळले. पण सरासरी ही फसवी चीज. स्वयंपाकघर एका बाजूला असते, बाहेर सरकणारी खोली असली तर तीही एकाच बाजूला, पाण्याची टाकी भरलेली. एखाद्या कोपऱ्यावर 1,050 किलो आले की तो टायर पहिल्या मैलापासून ओझ्याखाली दबलेला. त्याच मापात ‘डी’ श्रेणी 65 पीएसआयवर सुमारे 1,150 किलो घेते, ‘ई’ श्रेणी 80 पीएसआयवर सुमारे 1,285. या उदाहरणात ‘ई’ हाच शहाणपणाचा पर्याय, मग त्यावर नाव कोणाचेही असो. नव्या ट्रेलरच्या टायरांत निदान दहा टक्के भारक्षमता शिल्लक असावी, असा दंडक उद्योगाच्या संघटनेने 2017 मध्ये घातला. त्याआधीच्या ट्रेलरमालकांनी कारखान्यात बसवलेली श्रेणीच पुन्हा मागितली, तर जुनी चूक ते नव्या पैशाने विकत घेतील.

म्हणून टायरच्या दुकानाआधी वजनकाट्यावर जावे. महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर काटे असतात आणि थोडक्या पैशांत आसावरचे वजन मिळते. डाव्या-उजव्या बाजूचे वजन वेगळे करून मिळाले तर उत्तम. पाणी, गॅस, सामान भरून जावे. रिकामा ट्रेलर तोलण्याला अर्थ नाही.

मोठी श्रेणी घेताना दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, रिम. टायर 80 पीएसआयचा घेतला, पण रिम तेवढ्या दाबाची आणि भाराची नसेल तर फायदा शून्य. दुसरी, व्हॉल्व्ह. रबराचे साधे व्हॉल्व्ह साधारण 65 पीएसआयपर्यंतचे असतात. त्यापुढे धातूचेच हवेत.

पिकअपचे ‘एलटी’ टायर ट्रेलरला लावावेत का, हा वाद जुना आहे. जवळपास सारख्या मापात एसटी टायरवर जास्त भार छापलेला दिसतो. 16 इंची 235/80 मापाचा ‘ई’ श्रेणीचा एसटी टायर सुमारे 1,550 किलो सांगतो, तर त्याहून किंचित उंच 235/85 एलटी टायर सुमारे 1,380. हा जादा भार फुकट मिळालेला नाही. एसटी टायरचा हिशेब मुळात ताशी 65 मैल, म्हणजे सुमारे 105 किलोमीटर वेग धरून मांडला गेला. आता काही टायरांवर 87 मैलांपर्यंतची वेगश्रेणी छापलेली असते. तरी भरलेला ट्रेलर त्या वेगाने ओढणे हा वेडेपणाच. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना कायद्यानेच 55 मैलांची मर्यादा आहे. दुसरीकडे, जोड-आसांचा ट्रेलर आखडते वळण घेतो तेव्हा त्याची चाके आडवी फरपटतात आणि टायरच्या थरांना पीळ बसतो. एसटीच्या कडक बाजू या फरपटीचा विचार करूनच बनवलेल्या असतात. भार पुरेसा शिल्लक असेल आणि टायर चाकाच्या खोबणीत बसत असेल तर एलटी चालेल. वजनात काठावर असलेल्या ट्रेलरला नाही.

हवा कमी असणे हा खरा घातक दोष. टायर जास्त दबतो, प्रत्येक फेरीला वाकतो, तापतो आणि आतले थर सुटू लागतात. हे चालकाला कळत नाही. मागचा एक टायर गेला तरी शेजारचा भार ओढून नेतो आणि सुटलेला पट्टा ट्रेलरचा तळ, तारा, नळ फाडत राहतो. हवेचा दाब दाखवणारे यंत्र इथे चैन नव्हे. आणि एक टायर फुटला तर त्याच बाजूच्या, दुप्पट ओझे सोसलेल्या टायरवरही भरवसा ठेवू नये.

समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा आपल्या परिवहन खात्याने वाहनांचे टायर तपासायला सुरुवात केली. ट्रेलरच्या बाबतीत मात्र नुसती झीज पाहून भागत नाही. तो वर्षातले कित्येक महिने उन्हात उभा असतो, नक्षी शाबूत राहते आणि रबर म्हातारे होते. टायरवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत: 3521 म्हणजे 2021 सालचा पस्तिसावा आठवडा. दुकानदार दोन वर्षे पडून असलेला टायर ‘नवा’ म्हणून देत असेल तर नाकारावा.

ग्राहकाला एवढा अभ्यास करावा लागतो, याला सरकारी धोरणही कारण आहे. फायरस्टोन कंपनीच्या टायरांचे थर सुटून जीवघेणे अपघात झाल्याच्या 2000 मधल्या प्रकरणानंतर अमेरिकी संसदेने कायदा केला आणि 2003 मध्ये हलक्या वाहनांच्या टायरांसाठी 139 क्रमांकाचे कडक मानक आले. त्यात कमी हवेवरची चाचणीही आहे. एसटी टायर त्यातून वगळले गेले आणि जुन्या 119 क्रमांकाच्या मानकाखालीच राहिले. ज्या टायरला कमी हवा सर्वांत जास्त नडते, त्यालाच त्या चाचणीतून सूट, हे तर्काला धरून नाही. ट्रेलरमध्ये प्रवासी बसत नाहीत, हा बचाव अपुरा आहे. ट्रेलर ज्या रस्त्यावरून जातो त्यावर मागून माणसे येत असतात. ही सूट काढायला हवी. ती निघेपर्यंत टायर घेताना स्टेपनीही त्याच श्रेणीची घ्यावी आणि पहिल्या 50 ते 100 मैलांनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळावेत.