दुखणे अंगावर, भार कॅज्युअल्टीवर

शिर्डीत आजारी माणसाला रुग्णालयासाठी वणवण करावी लागत नाही. साईबाबा संस्थानचे श्री साईनाथ रुग्णालय साठच्या दशकापासून चालू आहे. संस्थानच्याच श्री साईबाबा हॉस्पिटलात हृदयशस्त्रक्रिया होतात आणि त्यासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. राहाता तालुक्यातच, लोणीला, प्रवरेचे मोठे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. इतर तालुक्यांनी हेवा करावा अशी ही सोय. पण मोठे रुग्णालय हाकेच्या अंतरावर असले की एक खोड जडते: दुखणे आठवडाभर अंगावर काढायचे आणि सोसेनासे झाले की रात्री थेट कॅज्युअल्टी गाठायची. गल्लीतला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर या सगळ्यात कुठे येतच नाही. कॅज्युअल्टीत जावे की नेहमीच्या डॉक्टरकडे, हा प्रश्न वरवर पाहता रुग्णाच्या समजुतीचा वाटतो. आमच्या मते तो ऐन रात्री सुटणारा प्रश्नच नाही. ज्याला नेहमीचा डॉक्टर आहे, त्याच्यापुरता तो आधीच सुटलेला असतो; ज्याला नाही, तो दोन्ही बाजूंनी चुकतो.

एक चूक उशिराची. छातीत दाटून येणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोबडी वळणे, धाप लागणे, रक्त न थांबणे, शुद्ध हरपणे, साप चावणे यांपैकी काहीही झाले तर विचार करत बसायचे नसते. १०८ ला फोन करून जिथे उपचार होतील तिथे पोहोचायचे असते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तरीही छातीतली कळ ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन उजाडेपर्यंत रेटली जाते. दुसरी चूक घाईची. तीन दिवसांचा खोकला, महिनाभरापूर्वी संपलेल्या बीपीच्या गोळ्या, भरत नसलेली जखम घेऊन माणूस रात्री अकराला अपघात विभागात उभा राहतो. हातात कॅरीबॅग, तिच्यात चार ठिकाणचे केसपेपर, फिकट पडलेला ईसीजी आणि अर्ध्या फाटलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, कोणत्या गोळ्या चालू आहेत? उत्तर येते, सकाळी एक पांढरी, रात्री एक गुलाबी. या उत्तरावर कोणताही डॉक्टर, कितीही हुशार असला तरी, तात्पुरती मलमपट्टी आणि नव्याने सगळ्या तपासण्या एवढेच करू शकतो. तो दोष त्याचा नाही. कॅज्युअल्टीचे काम जीव वाचवण्याचे आहे, माणसाचा दहा वर्षांचा मधुमेह सांभाळण्याचे नाही.

नेहमीच्या डॉक्टरचे मोल हा जुन्या आठवणींचा उमाळा नाही; त्याला आकड्यांचा आधार आहे. नॉर्वेत सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच फॅमिली डॉक्टरकडे १५ वर्षांहून अधिक काळ जाणाऱ्यांची तुलना डॉक्टरशी जेमतेम वर्षाचीच ओळख असलेल्यांशी केली, तेव्हा पहिल्या गटात अवेळी तातडीचे उपचार घेण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के, रुग्णालयात दाखल होण्याचे २८ टक्के आणि मृत्यूचे २५ टक्के कमी आढळले. नॉर्वे श्रीमंत आहे, तिथे प्रत्येकाच्या नावावर डॉक्टर लागलेला असतो, आणि अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे सारे मान्य. तरी यामागचे कारण समजायला अवघड नाही. ज्याने तुमचे बीपी पाच वर्षे मोजले आहे, त्याला आजचा आकडा वेगळा आहे की नेहमीचाच, हे कळते. आणि ‘हे इथे थांबायचे नाही, आत्ता गाडी करा’ असे तो म्हणाला की घरचे ऐकतात. तातडीच्या वेळी योग्य दारी पाठवणाराही तोच असतो.

मग लोक त्याच्याकडे का जात नाहीत? हा अडाणीपणा नव्हे, व्यवहार आहे. शिर्डी काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत जागी असते. हॉटेलातला कामगार, हारफुलांचा विक्रेता, रिक्षाचालक यांची कमाईची वेळ आणि सरकारी ओपीडीची वेळ एकच. सकाळी रांगेत उभे राहायचे म्हणजे रोजावर पाणी सोडायचे. रात्रीची कॅज्युअल्टी त्याच्या घड्याळात बसते, ओपीडी बसत नाही. पैशाचा ओघही त्याच दिशेचा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना. महिन्याच्या गोळ्यांना आणि डॉक्टरच्या फीला नाही. म्हणजे पाय कापायची वेळ आली की सरकार मागे उभे राहते, तो वाचवण्यासाठी खासगीत साखर तपासायची तर खिशात हात घालावा लागतो. राज्य सरकारने ऑगस्ट २०२३ पासून आपल्या आरोग्य संस्थांतले उपचार निःशुल्क केले, हे योग्यच झाले. पण दार फुकट असले तरी ते उघडण्याची वेळ गैरसोयीची असेल तर त्याचा उपयोग अर्धाच. मैदानी भागात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकषही केवळ रहिवासी मोजतो. दर्शनाला येणारी गर्दी त्यात धरलेली नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की दुखणे साधे की गंभीर, हे सामान्य माणसाने कसे ओळखायचे? ओळखू नयेच. वर सांगितलेल्या लक्षणांत शंका आली तरी रुग्णालयच गाठावे. तपासणीत काही निघाले नाही म्हणून कुणाला ओशाळे वाटण्याचे कारण नाही. आमचा आग्रह त्या रात्रीबद्दल नसून त्याआधीच्या तीनशे दिवसांबद्दल आहे. दुसरा आक्षेप थेट डॉक्टरांवर आहे: उठसूट सलाईन, गरज नसताना प्रतिजैविके, तपासण्यांवरचे कट, अशावर विश्वास कसा ठेवायचा? हे प्रकार चालतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मोठ्या इमारतीत शिरल्याने त्यांपासून सुटका होते, हा भ्रम आहे. शिवाय जिथे रुग्ण वर्षानुवर्षे टिकतो, तिथे डॉक्टरलाही आपला शब्द राखावा लागतो. तुटक भेटीत तो धाक कुणालाच नसतो.

उपाय परदेशातून आणायला नको. याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले आणि गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. प्राथमिक आरोग्यसेवेचा पुकारा करणारा अल्मा-आटाचा जाहीरनामा त्यानंतर आठ वर्षांनी आला. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडचा धडा सरळ आहे: आरोग्य खाटांच्या संख्येने नव्हे, रुग्णाला नावाने ओळखणाऱ्या माणसाने सुधारते. दुपारी दोन ते रात्री दहा चालणाऱ्या ‘आपला दवाखाना’ योजनेत सरकारला वेळेचे महत्त्व कळल्याचे दिसते. ती वेळ शिर्डीच्या कामगार वस्त्यांपर्यंत पोहोचली पाहिजे आणि डॉक्टर दर काही महिन्यांनी बदलता कामा नये.

साईसच्चरित्रानुसार बाबा सुरुवातीच्या काळात गावात औषध देणारे म्हणून ओळखले जात. त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थानाने शस्त्रक्रियागृहे उभारली, आता पहिल्या पायरीकडे वळावे. गावातल्या प्रत्येक मधुमेही आणि बीपीच्या रुग्णाची नोंद, संध्याकाळची ओपीडी, महिन्याच्या गोळ्या आणि प्रत्येकाच्या खिशात चालू औषधांची एक चिठ्ठी, याला हृदयशस्त्रक्रियेइतका खर्च येत नाही. कॅज्युअल्टीचा ताण त्यातून कमी होईलच. ज्याचा डॉक्टर शेकडो किलोमीटर दूर आहे अशा, रामनवमीला मुंबईहून पालखीसोबत पायी आलेल्या भाविकाला कॅज्युअल्टीचे दार मोकळे मिळेल. त्याला शिर्डीत दुसरे दार नाही, गावकऱ्याला असू शकते. वाचलेल्या पायाचे उद्‌घाटन करता येत नाही आणि न झालेल्या झटक्याची कोनशिला बसत नाही, म्हणून असा खर्च कुणाला सुचत नाही. संस्थान आणि नगरपरिषद या दोघांनी मिळून तो पुढच्या अंदाजपत्रकात धरावा आणि शिर्डीकरांनी त्याचा हिशेब मागावा.