बॅटरी स्वस्त, जोखीम महाग

‘मोबाइलची बॅटरी घरीच बदला’ हे पत्र वाचले. पैसे वाचतात हे खरे. पण धोक्याचा त्यात उल्लेखच नाही. लिथियम-आयन बॅटरी टोचली वा वाकली, तर आत शॉर्टसर्किट होऊन पेट घेऊ शकते. म्हणून चार्ज २५ टक्क्यांखाली उतरल्यावर फोन बंद करूनच उघडावा. बॅटरीखालची चिकटपट्टी प्लास्टिकच्या पातीने सोडवावी, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये. आमच्या सरोजिनी नगरात घासाघीस करून कपडे खुशाल घ्यावेत. बॅटरी घेताना मात्र बीआयएसची खूण आणि ‘आयएस १६०४६’ हा क्रमांक पाहावा. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. फुगलेल्या बॅटरीला तर घरी हातच लावू नये. ते काम जाणत्या कारागिराचेच.

– एक वाचक, सरोजिनी नगर, नवी दिल्ली