ठाण्याचा तिंबू आणि आमची रद्दी

समुद्र परक्यांचा, किनारा तेवढा आमचा, असा एक ठराविक पाठ आमच्या सुशिक्षितांनी मुखोद्गत करून ठेविला आहे. घोडबंदरच्या खाडीवर उभे राहिले की त्यांस पोर्तुगीज आठवतात, फार तर 1739 सालची चिमाजी अप्पांची मोहीम. त्यापूर्वी जणू नुसता चिखल आणि तिवरे!

या समजुतीस बाराव्या शतकातील एक पत्र पुरेसे आहे. माहरूझ नावाच्या यहुदी नाखव्याने ते आपल्या मेहुण्यास धाडले. हा मेहुणा अबू झिक्री इजिप्तमधील व्यापारी. हिंदुस्थानच्या सफरीत चाच्यांच्या हाती सापडला होता आणि गुजरातच्या किनाऱ्यावर, परक्या मुलखात होता. माहरूझ त्यास कळवितो की, सोने लागल्यास आपल्या नावावर तिंबू नाखव्याकडून घ्यावे. तो ठाण्यास आहे आणि उभयतांचा स्नेह अतूट आहे. हे ठाणे याच खाडीवरचे. तिंबू हे नाव यहुदी नव्हे, अरबी वळणाचेही नव्हे. आम्हांस ते येथलेच वाटते. सिंधुबंदीची वचने पोथ्यांत होती, नाही असे नाही. पण ठाण्याच्या नाखव्याची पत परधर्मी, परदेशी माणसाने किती निःशंकपणे गृहीत धरली आहे!

आता लाजेची गोष्ट. हा तिंबू आम्हांस ठाण्याच्या एखाद्या वहीतून भेटलेला नाही. देवाचे नाव असू शकेल असा कागद नष्ट करू नये, या श्रद्धेने कैरोजवळील फुस्तातच्या यहुदी प्रार्थनामंदिरात जुने कागद एका खोलीत टाकीत. त्यांतच हिशेब, पावत्या, घरगुती पत्रे टिकली. पुढे 1897 साली शेख्टर या पंडिताने त्यांतील बहुतेक केंब्रिजला नेली.

परक्यांच्या चिटोऱ्यांशी आम्हांस काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यांनी आपली चिटोरी दाखवावीत! दिवाळीस चोपड्यांची पूजा करणारे आम्ही जुन्या चोपड्या किलोच्या भावाने विकतो. भाईंदरच्या मिठागरांचे हिशेब, उत्तनच्या तांडेलांच्या वह्या, गलबतांच्या पावत्या कोणाच्या माळ्यावर असतील तर घर पाडून इमारत उभी राहण्यापूर्वी त्या उतरविल्या पाहिजेत. किल्ल्याच्या बुरुजाला रंग देण्यास वर्गणी लगेच जमते. आम्ही मागतो ते नगर वाचनालयात एक कोरडे कपाट, आणि त्यातले मोडी वाचू शकणारा एक पगारी मनुष्य.