हळदीच्या गाण्याचा आवाज कोणी काढला?

धुळे जिल्ह्यातल्या एका नातलगाच्या घरच्या लग्नाची चित्रफीत परवा पाहिली. हळदीचा प्रसंग. पाटावर नवरी, भोवती पाच-सहा बायका, मधोमध सत्तरी उलटलेली एक आजी. आजीचे ओठ हलत आहेत, बाकीच्या झील धरत आहेत. आणि ऐकू येते आहे एका हिंदी चित्रपटाचे गाणे. त्या हळदीला मी हजर होतो. आजी अहिराणीत गात होती. विहिणीच्या नथीवरून तिने जागच्या जागी जोडलेल्या ओळीने सारा मांडव हसला होता. चित्रफितीत ते हसू आहे. त्याचे कारण नाही.

ही तंत्राची मर्यादा नव्हे. व्हीएचएसचा कॅमेराही चित्राबरोबर आवाज टिपत असे. तो पुसला 'मिक्सिंग' नावाच्या संस्काराने : दोन व्हीसीआर, एक मिक्सर, बदामाच्या आकारात उघडणारी चौकट आणि खाली कॅसेटवरचे गाणे. पुढे संगणक आला. एडियस, प्रीमियर यांसारख्या प्रणालींत चित्राची आणि आवाजाची पट्टी वेगवेगळी दिसते. दुसरी काढून टाकायला क्षण पुरतो. ती राखायची तर डीजेच्या गोंगाटातून गाणे सोडवावे लागते आणि लग्नसराईत तेवढी सवड कोणाला असते? त्यात तयार साचे विकत मिळतात. नावे-फोटो बदलले की जळगावचे लग्न जयपूरचे दिसू लागते.

दोष साधनाचा नाही. धुळ्याशेजारच्या मालेगावात शेख नासिर यांनी २००० साली साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' उभा केलाच.

'लोकांनाच तसे हवे असते' हे ठरलेले उत्तर. पण लोकांना विचारले कोणी? ड्रोनचे, प्री-वेडिंगचे पैसे वेगळे सांगितले जातात; 'गाणी जशीच्या तशी हवीत का?' हा प्रश्न कोणी विचारत नाही. गंमत पुढेच आहे. हीच चित्रफीत यूट्यूबवर चढवली की चित्रपटगीतावर मालकी हक्काचा दावा येऊ शकतो आणि आवाज बंद होऊ शकतो. आजीच्या गाण्यावर कोणत्याही कंपनीची मालकी नव्हती. म्हणजे आधी आपले गाणे घालवले, मग उसनेही गेले, उरला मूकपट.

यात आपण, साहित्याची मंडळी, निर्दोष नाही. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी त्यांची गाणी वेळीच उतरवून घेतली, आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. साधन काय होते? कागद आणि ऐकणारा कान. २०१८ साली आपण विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. लोकगीतांवर प्रबंध लिहितो, जुन्या संग्रहांतली गीते पुन्हा पुन्हा उद्धृत करतो. आणि गावोगाव गायल्या जाणाऱ्या हळदीच्या चित्रफितींना 'बटबटीत' म्हणून नाक मुरडतो.

ती बटबटीत आहेत, मान्य. पण कापाकापीपूर्वीचे कच्चे चित्रण छायाचित्रकाराच्या हार्डडिस्कवर काही काळ तरी असते. पुढच्या लग्नांसाठी जागा हवी झाली की ते पुसले जाते. खानदेशातल्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना एकदा त्या स्टुडिओंत धाडावे. घरच्यांची आणि गाणाऱ्या बायकांची परवानगी घेऊन मूळ आवाज उतरवून घ्यावा, कोणी, कुठे, केव्हा गायले ते नोंदवावे. आणि आपल्या घरच्या लग्नात बयाणा देतानाच सांगावे : हळदीचा आवाज काढायचा नाही.

एवढेही जमत नसेल, तर निदान लोकसाहित्य लोप पावत असल्याबद्दल परिसंवाद घेऊ नयेत. ते लोप पावत नाही. ते आपल्यासमोर, आपल्या पैशाने पुसले जाते आहे.