एकदा दंड भरला, म्हणजे विषय संपला?

गांजाच्या पुडीसह पकडलेल्या मुलाला हमखास एक सल्ला मिळतो : "गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा होत नाही." यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, पण अर्धंच. म्हणूनच मला ते धोक्याचं वाटतं.

संविधानाचं कलम 20(2) सांगतं की एकाच गुन्ह्यासाठी कुणावरही एकापेक्षा जास्त वेळा खटला चालवून शिक्षा करता येणार नाही. हे संरक्षण आणीबाणीतही निलंबित करता येत नाही. निर्दोष सुटलेल्यालाही संरक्षण आहे. ते पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 300 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 337 मध्ये आहे. त्याच पुडीसाठी, त्याच कलमाखाली दुसरा खटला उभा राहिला, तर पहिल्या निकालाची प्रमाणित प्रत दाखवून तो थांबवता येतो. म्हणून निकालाची प्रत घरात जपून ठेवा.

आता या ढालीच्या मर्यादा पाहू. 1949 साली मकबूल हुसेन जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरले. त्यांच्याकडचं 107 तोळे सोनं कस्टम्सने जप्त केलं. पुढे त्याच सोन्यावरून परकीय चलन कायद्याखाली खटला झाला. 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कस्टम्स अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, त्यामुळे ती जप्ती कलम 20(2) मधली 'शिक्षा' ठरत नाही आणि दुसरा खटला चालू शकतो. हाच धागा आजही लागू पडतो. एमपीडीएखालची स्थानबद्धता किंवा तडीपारी कायद्याच्या लेखी शिक्षा नाही, प्रतिबंध आहे. खटला चालू असतानाही ती लादली जाऊ शकते. आरोपपत्रानंतर आरोपमुक्त झालात, तर तीही निर्दोष मुक्तता मानली जात नाही.

सर्वांत मोठा फटका मात्र कबुलीतून बसतो. एक किलोपर्यंतचा गांजा किंवा दोन ग्रॅमपर्यंतची एमडी 'अल्प प्रमाणा'त मोडते. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड लहान वाटतो, पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. उद्या दुसरी पुडी सापडली, तर तो नवा गुन्हा. तिथे दुहेरी शिक्षेची ढाल चालत नाही. उलट जुनी दोषसिद्धी पुढे करून एनडीपीएस कायद्याच्या कलम 31 नुसार कमाल कैदेच्या दीडपटीपर्यंत शिक्षा वाढवता येते.

ही घाईची कबुली बऱ्याचदा बदनामीच्या भीतीतून येते, असं मला वाटतं. मोहल्ल्यात कुजबूज नको म्हणून घरचे प्रकरण गुपचूप मिटवतात. ना वकील, ना उपचार. खरंतर व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागली, तर कलम 64A अशा छोट्या प्रकरणांत खटल्यापासून सूट देतं. अट एवढीच की उपचार पूर्ण करावे लागतात.

मित्रांनो, पोरगा अडकला तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील गाठा, कबुलीचा विचार त्यानंतर. आणि आपल्या वस्तीत व्यसनावर उघड बोला. लाज झाकायला भरलेला दंड त्या पोराच्या नावावर दोषसिद्धी म्हणून राहतो.