जुन्या लोहमार्गावरील पायवाट

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल ही आगगाडी १९३७ सालीं बंद पडली. २०१० सालीं त्याच मार्गावर पायवाटेचा पहिला भाग खुला झाला आणि पुढील वर्षीं ती सुमारें ४२ किलोमीटर लांब झाली. आगगाडीस मोठा चढ सोसत नाहीं. त्यामुळें ही वाट वृद्धांसही सुखाची आहे! मार्गाची बरीच जमीन आतां शेतकऱ्यांची. त्यांनीं ती विकली नाहीं, मालकी राखून केवळ जाण्यायेण्याची परवानगी दिली. आमच्या मतें या कार्याचें खरें श्रेय त्यांनाच द्यावयास हवें. परंतु वाचकहो, दिलेली परवानगी परतही घेतां येते. एखादा वाटसरू फाटक उघडें टाकून गेला आणि कोणाचीं मेंढरें बाहेर पडलीं, तर त्या शेतकऱ्यानें उद्यां तें फाटक कोणासाठीं उघडावें?